युनिव्हर्सचं बिल कुणाच्या खात्यातून?

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची बरीच पत्रं होती. समृद्धी, मॅनिफेस्टेशन (मनापासून मागितलं की 'युनिव्हर्स' म्हणजे विश्व ते देतं ही कल्पना), 'मनी ब्लॉक' म्हणजे पैसा अडवणारा मनातला अडथळा काढणं अशी नावं घेणारे महागडे वर्ग, आणि त्यात गुंतलेलं घरातलं माणूस. चार पत्रं निवडली आहेत. पत्रलेखकांचे तपशील ओळखू येणार नाहीत इतपत बदलले आहेत. उत्तरं समुपदेशन करणारे आणि ग्राहक तक्रारींचं काम पाहणारे अशा दोघांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : आमचे हे ४४ वर्षांचे, सातपूरच्या एका कंपनीत सुपरवायझर. दीड वर्षापूर्वी त्यांनी ९९ रुपयांचा ऑनलाइन वेबिनार केला. मग ४,९९९चा कोर्स, मग लोणावळ्याचं तीन दिवसांचं शिबिर ३६,०००ला, आणि आता १,७५,०००ची 'मेंटरशिप', तीही क्रेडिट कार्डावर. पहाटे चारला उठून वहीत 'मी करोडपती आहे' असं ५५ वेळा लिहितात. हिशोब विचारला की म्हणतात, तुझी मानसिकताच कमतरतेची आहे. मुलगी बारावीला आहे. भांडून झालं, रडून झालं. आता काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी एक वाद बंद करा : युनिव्हर्स ऐकतं की नाही हा. त्या वादात तुम्ही हरणारच, कारण तुमच्या प्रत्येक वाक्याचं उत्तर त्यांना कोर्समध्ये आधीच पाठ करून दिलंय. 'घरचे विरोध करतील, कारण त्यांची ऊर्जा खालच्या पातळीची असते' हे वाक्य अशा वर्गांत फार लवकर येतं. तुम्ही ओरडलात की त्यांच्या दृष्टीने भाकीत खरं ठरतं.

त्यापेक्षा हा धंदा चालतो कसा ते नीट समजून घ्या, म्हणजे कुठे हात घालायचा ते कळेल. ९९ रुपये ही फी नसते, गाळणी असते. फुकट ठेवलं तर कुणीही येतं. ९९ भरणारा माणूस कार्ड किंवा यूपीआय वापरतो, नंबर देतो आणि पैसे भरायला एकदा तयार झालेला असतो. वेबिनारचा पहिला तास वक्त्याच्या गरिबीच्या कहाणीत जातो. मग 'पटत असेल त्यांनी चॅटमध्ये येस लिहा' असं दर पाच मिनिटांनी. शेवटी किंमत : आधी अडीच लाखांचा आकडा दाखवायचा, तो खोडायचा, खाली ४,९९९. बाजूला उलटं धावणारं घड्याळ आणि 'फक्त ११ जागा शिल्लक'. (ही खोटी घाई केंद्राच्या २०२३च्या 'डार्क पॅटर्न' म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांबद्दलच्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवलेल्या १३ प्रकारांपैकी एक आहे. घड्याळ दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच वेळेपासून सुरू झालं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.) शिबिरात पुढच्या पायरीची विक्री नेहमी शेवटच्या संध्याकाळी होते. झोप अपुरी, मोठ्या आवाजात गाणी, सगळ्यांसमोर रडणं आणि मिठ्या, आणि मग फॉर्म. दुसऱ्या दिवशी 'काउन्सेलर'चा फोन. काउन्सेलर म्हणजे कमिशनवरचा विक्रेता. तो आधी अडचण विचारतो, मग कार्डाची मर्यादा.

आणि या सगळ्यात खरी विकली जाणारी वस्तू म्हणजे अपयशाचं स्पष्टीकरण. पैसे आले तर कोर्समुळे. नाही आले तर तुमचा विश्वास कमी पडला, मनात कुठेतरी ब्लॉक राहिला, आणि तो ब्लॉक पुढच्या लेव्हलला निघतो. ज्या मालात दोष निघाला की गिऱ्हाईकच माफी मागून महागडा माल नेतं, असा माल दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळत नाही. ग्रुपवर रोज सकाळी येणाऱ्या यशकथांचंही तेच. समजा ग्रुपात ५०० माणसं आहेत. त्यात महिन्याला कुणाची बढती होणार, कुणाची एलआयसी मॅच्युअर होणार, कुणाची गावची जमीन विकली जाणार. कोर्स नसता तरी झालं असतं. ज्यांचं काहीच झालं नाही ते ग्रुपवर लिहीत नाहीत, आणि लिहिलं तर मेसेज उडतो.

आता पैसा. आजवरची बेरीज २,१६,०९८ रुपये. त्यातला तुम्हाला आज चावणारा भाग कार्डावरचा आहे. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरलं तर १,७५,०००वर महिन्याला ६,१२५ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १,१०२. बिलावर 'किमान देय' म्हणून ५ टक्के, म्हणजे ८,७५० दिसतात आणि ते भरले की सुटल्यासारखं वाटतं. त्यातले ७,२२७ व्याज-करात जातात, मुद्दल कमी होतं जेमतेम १,५२३ने. हेच पैसे १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात वळवता आले, तर २४ महिन्यांसाठी हप्ता साधारण ८,४०० बसतो. म्हणजे आज भरता त्यापेक्षा कमी, आणि दोन वर्षांत पाटी कोरी. एक पथ्य मात्र हवं : त्या कर्जावर तुम्ही सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही करू नका. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरच्या कर्जाची वसुली तुमच्याकडून होऊ शकत नाही. सही केलीत की होते.

पुढची गळती थांबवायला कुंपण घालावं लागेल, आणि ते त्यांच्या पाठीमागे घालू नका. लपून केलेलं एक काम सापडलं की ग्रुपला हवा तो पुरावा मिळतो. एका रविवारी दोघं बसा. त्यांचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे नावावरच्या कर्जांचा आणि कार्डांचा अहवाल, काढा. सिबिलसारख्या चारही क्रेडिट माहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. तुम्हाला माहीत नसलेलं ॲपवरचं कर्ज असेल तर इथेच दिसतं. मग यूपीआय ॲपमधला 'ऑटोपे' हा भाग उघडा आणि चालू असलेले मँडेट, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्या, बघा. ४९९च्या 'कम्युनिटी मेंबरशिप' इथे महिनोन्‌महिने पडून असतात. बँकेच्या ॲपमधून कार्डाची ऑनलाइन खर्चाची मर्यादा १०,०००वर आणा. ती पुन्हा वाढवता येते, पण रात्री अकराच्या फोनवर लगेच पावणेदोन लाख जात नाहीत. मुलीच्या शिक्षणाची एफडी दोघांच्या नावे असेल तर मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या लागतात ना, ते बँकेत विचारून घ्या. कधी खातं उघडतानाच एकाला मोकळीक दिलेली असते. तुमचे दागिने हे तुमचं स्त्रीधन. गोल्ड लोनसाठी ते मागितले, तर 'नाही' म्हणायला कारण द्यावं लागत नाही.

बोलायचं कसं? 'अहो, मी या विषयावर वाद घालणार नाही. तुम्हाला यातून तीन महिन्यांत काय घडायला हवं, ते आपण लिहून ठेवू.' त्यांना आकड्यात लिहू द्या : पगार किती, जादा उत्पन्न किती. ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तीन महिन्यांपुढच्या तारखेच्या चौकोनात लिहा, आणि तोवर नवीन पैसे भरायचे नाहीत एवढंच कबूल करून घ्या. त्या तारखेला टोमणा मारू नका. चौकोन बोलेल. मधल्या काळात एक गोष्ट शोधा : दीड वर्षापूर्वी कंपनीत काय झालं होतं? हुकलेली बढती, हाताखाली आलेला तरुण साहेब, असं काही बहुतेक वेळा सापडतं. त्या ग्रुपमध्ये कुणीतरी त्यांना रोज नावाने हाक मारून 'तू मोठा होणार' म्हणतंय. घरात ती जागा रिकामी आहे का, हे तुम्हालाच तपासावं लागेल. दोष तुमचा म्हणून नाही. ती जागा भरली तरच ग्रुप सुटतो म्हणून.

ते ओळखीच्यांना 'रेफर' करायला लागले असतील, तर मात्र गप्प बसू नका. माणसं जोडल्याचं कमिशन हाच मुख्य धंदा असेल तर ती पिरॅमिड योजना ठरते. थेट विक्रीच्या २०२१च्या नियमांनी तिला बंदी आहे, आणि १९७८च्या मनी सर्क्युलेशन बंदी कायद्याखाली पोलीस केस होऊ शकते. उद्या मेहुण्याचे पैसे बुडाले तर तो मेंटरला नाही, तुमच्या दाराशी येणार.

प्रश्न : आई ६१ वर्षांची, बाबांच्या मागे एकटी इचलकरंजीला असते. मी बंगळुरूत. ती संध्याकाळी सातला भरणाऱ्या एका बाईंच्या ऑनलाइन 'हीलिंग सर्कल'मध्ये आहे. मनी ब्लॉकसाठी ११,०००, पायराइटचं ब्रेसलेट ३,५००, शिवाय दर अमावस्या-पौर्णिमेला काहीतरी. मनगटावर पेनाने ५२० ७४१ ८ लिहिते, तमालपत्रावर इच्छा लिहून जाळते. तिथवर ठीक, पण आता बीपीची गोळी अर्धी केली आहे आणि शुगरची 'शरीराला विचारून' घेते. (एक वाचक)

उत्तर : तमालपत्र मसाल्याच्या डब्यातलं आहे, जळू दे. गोळीचं आज बघा.

बीपीच्या काही गोळ्या, मेटोप्रोलॉल किंवा एटेनोलॉल यांच्यासारख्या, एकदम बंद केल्या तर दाब आणि नाडी पूर्वीपेक्षा उसळून वर जातात, छातीत दुखू शकतं. म्हणून पाकिटावरचं नाव आईकडून फोटो काढून मागवा आणि तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोनवर सांगा, 'अर्धी घेतेय, इतक्या दिवसांपासून.' दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घरी पाठवा. मनगटाचं नको, त्यात हात हृदयाच्या पातळीला धरला नाही तर आकडा चुकतो. सात दिवस, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं टेकून बसल्यावर एकेका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजायचं आणि वहीत लिहायचं. १८०/१२०च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं असं काही असेल, तर दवाखान्याची वाट न धरता थेट मोठं हॉस्पिटल. शुगरसाठी रक्ताची एचबीए१सी चाचणी करून घ्या. ती आधीच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे 'आज ध्यान केलं म्हणून कमी आली' हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

आईशी भांडताना एक चूक मुलं हमखास करतात : दगड, आकडा, बाई आणि गोळी, सगळ्यावर एकदम तोफ डागतात. एकच अट घाला. 'आई, तू सर्कल कर, मी काही म्हणणार नाही. गोळीत बदल फक्त डॉक्टर करतील.' ही अट मान्य झाली की बाकीचं हळूहळू.

हळूहळूमध्ये काय, तर वस्तूंची माहिती. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज. घाम आणि दमट हवेत ते गंजतं, मनगटाला डाग पडतो. 'ब्रेसलेटने निगेटिव्हिटी शोषली म्हणून काळं पडलं, नवीन घ्या' असं सांगितलं जातं, त्यामागे हे रसायन आहे. अशाच वर्गांत पिवळा सिट्रिन खडा म्हणून विकला जाणारा बहुतेक माल भट्टीत तापवलेला जांभळा ॲमेथिस्ट खडा असतो. आणि ५२० ७४१ ८ हा आकडा 'अनपेक्षित धनलाभा'चा म्हणून फिरतो, तो रशियातल्या ग्रिगोरी ग्राबोवोय या माणसाच्या यादीतला. बेसलानच्या शाळेवर २००४ साली हल्ला झाला, त्यात मुलं गेलेल्या आयांना 'मी ती परत जिवंत करीन' असं सांगणारा तो हाच, असे आरोप झाले. २००८ साली मॉस्कोच्या न्यायालयाने त्याला फसवणुकीसाठी तुरुंगात धाडलं. हे आईला एकदाच सांगा, ती निवांत असताना. दुसऱ्यांदा सांगितलंत की तो टोमणा होतो.

'मधुमेह बरा करते', 'बीपीची गोळी सुटेल' अशी लेखी जाहिरात त्या बाई करत असतील, तर १९५४चा औषधे व जादूचे उपाय कायदा लागू होतो. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही अशा आजारांची यादी त्यात आहे, आणि मधुमेह, रक्तदाब, कर्करोग हे तिघेही तीत आहेत. तावीज आणि मंत्रही त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची, जाहिरातीच्या स्क्रीनशॉटसह.

एकटेपणा हा यातला खरा आजार. सर्कलची वेळ संध्याकाळी सातची असते ना? त्याच वेळेला बाबा घरी यायचे का, आठवून बघा. आठवड्यातून दोनदा सातला तुमचा व्हिडिओ कॉल ठेवा, आणि तिचं जुनं भजनी मंडळ चालू आहे का ते शेजारच्या काकूंना विचारा. मन फारच खचलेलं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : धाकट्या भावाने 'सर्टिफाइड ॲबंडन्स कोच' (समृद्धी शिकवणारा प्रशिक्षक) होण्यासाठी ८५,००० भरले, ॲपवरून कर्ज काढून. १२ सत्रांपैकी दोन झाली, मग बॅच पुढे ढकलत राहिले. आता तो बाहेर पडतोय. पैसे 'नॉन-रिफंडेबल' म्हणतात. हप्ते बंद करावेत का? जादूटोणाविरोधी कायदा लागेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हप्ते बंद करू नका. कर्जाचा करार वेगळा, कोर्सचा वेगळा. हप्ता चुकला तर भावाचा क्रेडिट स्कोअर पडेल आणि कोर्सवाल्याचं काही बिघडणार नाही. (ज्यांनी कालच असं कर्ज घेतलंय त्यांच्यासाठी : रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे किमान एक दिवसाची माघारीची मुदत असते. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय कर्ज रद्द होतं. मुदत किती, ते करारासोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.)

'नॉन-रिफंडेबल' छापलं म्हणून न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवता येतात असं नाही. कोचिंग क्लासच्या आगाऊ फीबद्दल ग्राहक आयोगांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिलेले आहेत. तुमची मागणी मात्र मोजकी ठेवा. १२पैकी १० सत्रं झाली नाहीत, म्हणून ८५,०००पैकी ७०,८३३ परत करा. तक्रारी पडतात त्या इथेच. लोक 'आमची मानसिक फसवणूक झाली, सगळं थोतांड आहे' असं पाच पानं लिहितात. आयोगाला थोतांड सिद्ध करून देणं अवघड, न झालेलं सत्र सिद्ध करणं सोपं.

कागद जमवा : पैसे भरल्याचा यूटीआर (बँकेतल्या व्यवहाराचा) क्रमांक, पावती (जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून व्यवसायाचं कायदेशीर नाव काढा, पेजवरचं नाव वेगळं असतं), कोर्सच्या जाहिरातीचे तारखेसह स्क्रीनशॉट, सत्र पुढे ढकलल्याचे सगळे मेसेज. ग्रुप सोडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून घ्या. रागाने आधी ग्रुप सोडला आणि मग पुरावा शोधत बसले, असं फार होतं. मूळ फोन फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

मग १५ दिवसांची लेखी मागणी, ईमेलने आणि स्पीड पोस्टने. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर नोंद. पुष्कळ मंडळी एवढ्यावरच तडजोडीला येतात. नाही आले तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. भाऊ राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. अर्धे पैसे देऊन 'यापुढे तक्रार नाही, कुठेही लिहिणार नाही' अशा कागदावर सही मागतील. वाचल्याशिवाय करू नका, आणि आकडा पटत असेल तर जरूर करा. पूर्ण न्यायासाठी तीन वर्षं घालवण्यापेक्षा ५०,००० हातात, हा काही पराभव नाही.

जादूटोणाविरोधी कायदा लागेल का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. २०१३चा तो कायदा चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं, अंगात शक्ती असल्याचं भासवून फसवणं अशा ठरावीक कृत्यांसाठी आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५,००० ते ५०,०००. नुसतं 'सकारात्मक विचार करा' असं शिकवणाऱ्या झूम वर्गाला तो लावायला जाल तर पोलीस ठाण्यातून परत याल. कोचने दैवी शक्तीचा दावा केला असेल तर गोष्ट वेगळी. मग अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या जवळच्या शाखेला सोबत घेऊन जा.

प्रश्न : मी स्वतः अशा एका ग्रुपमध्ये आहे. मला बरं वाटतं. घरचे उगाच मागे लागलेत. पैसे माझेच आहेत. यात वाईट काय? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : बरं वाटतं हे खरं असणार. पहाटे उठणं, रोज लिहिणं, ओळखीची माणसं भेटणं, यानं कुणालाही बरं वाटतं. प्रश्न एवढाच, की त्यातल्या कुठल्या गोष्टीला इतके पैसे पडतात? इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं. राहणं-जेवण धरून त्याला फी नाही, आणि देणगीसुद्धा शिबिर पुरं केलेल्या माणसाकडूनच घेतात. पद्धत पटो न पटो, पैशाची ती रीत तुमच्या ग्रुपशेजारी ठेवून बघा.

स्वप्न रंगवण्याबद्दल एक अभ्यास तुमच्या कामाचा आहे. गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकारी डोरिस मायर यांनी २००२ साली तो प्रसिद्ध केला. नोकरी शोधणाऱ्या जर्मन पदवीधरांपैकी जे यशाची गोड चित्रं जास्त रंगवत होते, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्यांचे देकार कमी आले आणि पगारही कमी मिळाला. ज्यांना यशाची साधार अपेक्षा होती त्यांचं मात्र चांगलं झालं. चित्र पाहूनच मन थोडं निवतं आणि हात ढिले पडतात, असा त्यांचा निष्कर्ष. व्हिजन बोर्ड, म्हणजे स्वप्नांची चित्रं चिकटवलेला फलक, लावायचाच असेल तर प्रत्येक चित्राखाली 'अडथळा कोणता' आणि 'तो आला तर मी काय करणार' या दोन ओळी लिहा. यालाही फी नाही.

आणि एक छोटा प्रयोग. ग्रुपवर सकाळी सभ्य भाषेत एवढंच विचारा : 'ज्यांना वर्षभरात फायदा झाला नाही, असे कुणी आहेत का?' संध्याकाळपर्यंत तो मेसेज ग्रुपवर राहतो का, आणि तुम्ही राहता का, ते आम्हाला कळवा.